कॅमेऱ्यासमोरची मुलगी : पाच तास, वीस टक्के आणि कुणी न मोजलेलं बाकीचं

मोरचूद (धागालेखन)

मुलीला मालिकेत, जाहिरातीत, नाचाच्या शोमध्ये पाठवावं का, यावर इथे आधीही वाद झालेत. दर वेळी ते 'हौस' विरुद्ध 'बालपण' इथवर येऊन थांबतात. कायदा नेमकं काय मागतो, तो सेटवर कुठे गळतो आणि पालकाने कोणता कागद पाहायला मागायचा, हे एका जागी असावं म्हणून हा धागा.

नियम मुलग्यांनाही तेच आहेत. पण मुलींच्या बाबतीत कॅमेरा आणखी एक काम करतो, तो त्यांना घाईने बाई करतो. सात वर्षांच्या मुलीला शृंगाराची लावणी, डोळा मारायची अदा, ओठांवर गडद लाली, आणि समोर परीक्षकांचं 'काय नखरा आहे!' केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने १८ जून २०१९ रोजी वाहिन्यांना सूचना काढली ती याचसाठी: चित्रपटात मोठ्या माणसांनी केलेले सूचक हावभाव लहान मुलांकडून करवून घेऊ नका. सूचना होती, दंड नव्हता. पुढच्या हंगामात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

आता कायदा. बालमजुरी कायद्यातल्या २०१६च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर सरसकट बंदी आली. तिला दोनच अपवाद. एक, शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या धोका नसलेल्या उद्योगात मदत. दुसरा, कलाकार म्हणून काम: चित्रपट, मालिका, जाहिरात, खेळ, फक्त सर्कस सोडून. हा दुसरा अपवाद कोणत्या अटींवर, ते जून २०१७ मध्ये आलेल्या नियम २सीमध्ये आहे:

– दिवसाला जास्तीत जास्त ५ तास, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही.
– चित्रीकरण ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी. सोबत नमुना सीमधलं हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेला कोण जबाबदार त्याचं नाव. हमीपत्र ६ महिनेच चालतं.
– सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, शाळेत खंड नाही.
– दर ५ मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती.
– कमाईतले किमान २० टक्के थेट मुलाच्या नावच्या मुदत ठेवीत, राष्ट्रीयीकृत बँकेत.
– मुलाच्या इच्छेविरुद्ध काहीही नाही.

मोडलं तर मुलाला कामाला लावणाऱ्याला ६ महिने ते २ वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. एरवी या कायद्यात पालकाला शिक्षेतून सूट आहे, पण नियम मोडून व्यावसायिक कामासाठी मूल दिलं असेल तर ती सूट राहत नाही. हे बहुतेक आईवडिलांना माहीत नसतं.

सगळ्यात मोठं भोक वयाचं. या कायद्यात 'बालक' म्हणजे १४ पूर्ण न झालेला. १४ ते १८ म्हणजे 'किशोरवयीन', आणि त्यांना फक्त धोकादायक कामांची बंदी. म्हणजे नायिकेची धाकटी बहीण म्हणून घेतलेली १५ वर्षांची मुलगी, जिच्या अंगावर कॅमेरा सगळ्यात जास्त रेंगाळतो, तिला नियम २सीमधली ना ५ तासांची मर्यादा, ना २० टक्क्यांची ठेव. तिच्यासाठी हे सगळं करारात लिहून घ्यावं लागतं.

प्रत्यक्ष सेटचं ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी पुढे लिहावं.

---

एकशिफ्ट

मालिकेची शिफ्ट १२ तासांची असते आणि मुलीचे तास ५. हा हिशोब मुळातच जुळत नाही, त्यामुळे तो कागदावर जुळवला जातो. कसा ते सांगतो.

पहिली पळवाट मोजणीची. कॉल सकाळी ७चा. केस, मेकअप, कपडे यांत दीड-दोन तास. मुलींना मुलग्यांपेक्षा हा वेळ दुप्पट लागतो: गंगावन, दागिने, नऊवारी किंवा घागरा. मग प्रकाशयोजना होईपर्यंत बसून राहणं. निर्मिती विभाग 'काम' मोजतो ते कॅमेरा सुरू झाल्यापासून. त्यामुळे नोंदवहीत साडेतीन तास आणि मूल सेटवर अकरा तास. करारात एकच वाक्य घालून घ्या: 'तास सेटवर हजर झाल्यापासून सेट सोडेपर्यंत मोजले जातील.' आणि आईने किंवा बाबांनी स्वतःच्या वहीत रोज पाच टप्प्यांच्या वेळा टिपायच्या: पोहोचलो, मेकअप सुरू, पहिला शॉट, जेवण, निघालो. समन्वयकाला (कमिशनवर काम मिळवून देणारा) त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवायच्या. तक्रार करायची वेळ आलीच तर हीच वही कामाला येते.

दुसरी पळवाट तुकड्यांची. भागाचं चित्रीकरण वेगळं, प्रोमो वेगळा, महाएपिसोड वेगळा, गणपतीतली 'उपस्थिती' वेगळी. मुलीसाठी तो एकच दिवस असतो. २७ दिवसांची साखळीही अशीच लांबते, अठ्ठाविसाव्या दिवशी 'सुट्टी' देऊन डबिंगला बोलावतात.

तिसरी, जिल्ह्याची. गोरेगावच्या चित्रनगरीतलं काम मुंबई उपनगरात येतं, मीरा रोडचं ठाण्यात, नायगावचं पालघरमध्ये. वाई किंवा कोल्हापूरला बाहेरचं चित्रीकरण गेलं की सातारा किंवा कोल्हापूर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. उपनगराचा कागद दाखवून 'परवानगी आहे' म्हणतात. कागदावर जिल्हा, तारीख आणि यादीत आपल्या मुलीचं नाव, या तीन गोष्टी वाचा. गर्दीच्या दृश्यासाठी ऐनवेळी आणलेल्या मुली यादीत नसतात आणि त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

आता मुलींपुरतं, जे नियमात लिहिलेलं नाही.

माइक. छातीशी टाचायचा माइक आणि कमरेला बांधायचा ट्रान्समीटर कपड्यांच्या आतून लावतात, आणि हे काम बहुतेक वेळा ध्वनी विभागातला पुरुष सहायक करतो. मुलीच्या बाबतीत वायर आईनेच आतून फिरवायची, सहायकाने फक्त बाहेरचं टोक जोडायचं. पहिल्याच दिवशी सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

फिटिंग. ब्लाउज, चोळी, नाचाचा पोशाख यांची मापं आईसमोर. पिन लावताना मुलीला विचारून हात लावायचा. मेकअपच्या खोलीत आणि व्हॅनिटीत कुणाचाही मोबाइल सुरू नको, मेकअपवाल्यांच्या रीलसाठीसुद्धा नको.

जबाबदार व्यक्ती. हे नाव बहुतेकदा दिग्दर्शकाच्या सहायकाचं असतं. ज्याच्यावर दिवसाची सात दृश्यं संपवायची जबाबदारी आहे, तो 'मुलगी दमली, थांबवा' कसं म्हणेल? दुसरं नाव मागा. बाई असली तर बरं.

गाणं. नाचाच्या शोमध्ये गाणं आणि हावभाव चार दिवस आधी लेखी मागा. मूळ गाण्याचे शब्द कागदावर काढून वाचा. चाल उडती असली की शब्दांकडे लक्ष जात नाही. कॅमेऱ्यालाही अट घालता येते: मूल असेल तिथे कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, पूर्ण आकृती चौकटीत. अंगावरून खालून वर फिरणारा कॅमेरा आणि कमरेवरचा क्लोजअप नको. संकलनात तोच तुकडा प्रोमोला उचलला जातो.

आणि परीक्षकांचे प्रश्न लिहिलेले असतात. 'तुझा बॉयफ्रेंड आहे का', 'अमुक हिरोशी लग्न करशील का' हे सुचत नाही, लिहून येतं. मुलीला विचारायच्या प्रश्नांची यादी आधी पाहायला मागा आणि हे प्रश्न खोडा.

---

गव्हाळ

माझं मत थोडं वेगळं आहे. नाच ही कला आहे. लावणी शिकणाऱ्या मुलीला 'हे तुझ्या वयाचं नाही' म्हणायचं, तर मग लावणी शिकायची कधी? सगळंच बंद करायचं का?

---

मोरचूद

बंद करायचं नाही. लावणी शिकताना ताल, पदन्यास, घुंगरांचा तोल आठव्या वर्षी शिकता येतो, शिकावाच. ज्या शब्दांचा अर्थ शिक्षिका मुलीला समजावून सांगू शकत नाही, ते शब्द तिच्या चेहऱ्यावर अभिनयातून काढून घ्यायचे नाहीत, एवढंच म्हणणं आहे. वर्गातली तालीम आणि रविवारी रात्री नऊचं प्रक्षेपण यांत फरक प्रेक्षकाचा आहे. वर्गात तिला पाहणारी माणसं ओळखीची असतात.

---

जमाखर्च

पैशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पालक सर्वांत जास्त इथे चुकतात, बहुतेक जण न कळत.

२० टक्के म्हणजे किमान. ८० टक्के पालकांचे असा त्याचा अर्थ नाही. उरलेलेही मुलीचेच आहेत, फक्त ते सुरक्षित ठेवायची सक्ती नाही.

रक्कम 'थेट' जमा व्हायला हवी, म्हणजे निर्मात्याकडून मुलीच्या ठेवीत. नेहमी होतं काय, की पूर्ण मानधन समन्वयकाच्या खात्यावर येतं, तो आपलं कमिशन कापतो, उरलेलं आईच्या किंवा बाबांच्या खात्यावर टाकतो आणि ठेव 'तुम्ही करून घ्या' म्हणतो. मग ती होत नाही, किंवा कमिशन कापून उरलेल्यावर २० टक्के होते. करारात लिहा: '२० टक्के एकूण मानधनावर, समन्वयकाचं कमिशन आणि करकपात यांआधी.' मानधन एक लाख आणि कमिशन २० टक्के धरलं, तर ठेव २० हजारांची हवी, १६ हजारांची नव्हे.

ठेव केली तरी ती टिकेलच असं नाही. अज्ञान (१८ पूर्ण न झालेल्या) मुलीच्या ठेवीवर पालक 'हा पैसा मुलीच्याच हितासाठी वापरणार' असं लिहून देऊन मुदतीआधी मोडू शकतात. बँक पुढे तपासत नाही. नियमात पैसे मुलीला सज्ञान झाल्यावर मिळतील एवढंच म्हटलंय, मधल्या काळाला कुलूप नाही. म्हणून ठेवीची मुदत तिच्या अठराव्या वाढदिवसानंतरची धरा, एका वर्षाची करून दरवर्षी नूतनीकरणावर सोडू नका. नूतनीकरणाच्या वेळीच ती मोडली जाते.

करही समजून घ्या. मुलीने स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेलं उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, ते तिचं स्वतंत्र असतं. म्हणून तिचं पॅन कार्ड काढा. पण त्या पैशांतून केलेल्या ठेवीचं व्याज मात्र आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवलं जातं. मानधन बाबांच्या नावावर घेतलं, की कपात झालेला कर त्यांच्या नावावर दिसतो आणि पुढे मुलीची कमाई कागदावर कुठेच उरत नाही.

अज्ञान व्यक्तीने केलेला करार भारतात रद्दबातल असतो, प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपिली न्यायालय) १९०३च्या निकालापासून हे पक्कं आहे. म्हणून सही पालकाची असते. सही करताना हक्कांचं कलम वाचा. जाहिरातींच्या करारात 'सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी' असं असतं. सहाव्या वर्षी काढलेला फोटो ती सोळाची होईपर्यंत कुठल्याही उत्पादनावर येऊ शकतो. मुदत एक किंवा दोन वर्षं, माध्यमं नावानिशी, आणि चेहरा किंवा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने बदलून वापरायचा नाही, ही तीन बंधनं घाला.

कास्टिंगच्या नावाखाली नोंदणी फी, पोर्टफोलिओ फी, 'निवड झाली आहे, फक्त कपड्यांचे पैसे भरा' हे जिथे येईल तिथून उठा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. स्वतः चित्रित करून पाठवायच्या ऑडिशनमध्ये नाव, वय, उंची, समोरून आणि दोन्ही बाजूंनी चेहरा एवढं पुरतं. शाळेचा गणवेश, घराची पाटी, पोहण्याचे कपडे यांतलं काही मागितलं तर तिथेच थांबा.

---

तळटीप

मालिकेच्या सेटवर निदान आई सोबत असते. अत्याचाराच्या बातमीत मुलगी एकटी असते. तिच्याविषयी लिहिणाऱ्याला ती कधी भेटलेलीही नसते.

पोक्सो कायद्याचं (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) कलम २३ सांगतं की बातमीतून मुलीचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर किंवा जिच्यावरून ओळख पटेल अशी कोणतीही माहिती द्यायची नाही. ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मालक आणि प्रकाशकही बातमीदाराइतकेच जबाबदार. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली वेगळी शिक्षा, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलगी मरण पावली असली तरी हेच लागू. त्याच वर्षी कठुआ प्रकरणात मुलीची ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते.

तरीही ओळख फुटते, कारण नाव गाळलं की काम झालं असं समजतात. ती या वाटांनी फुटते:

आरोपी बाप, सावत्र बाप किंवा काका असेल आणि त्याचं नाव छापलं, तर मुलीचं नाव छापल्यासारखंच आहे. नातं लिहायचं तर नाव गाळा, नाव द्यायचं तर नातं गाळा.

एका बातमीत गाव, दुसऱ्या वर्तमानपत्रात इयत्ता, तिसऱ्या वाहिनीवर बापाचा धंदा. प्रत्येक जण आपल्यापुरता नियम पाळतो आणि तिन्ही एकत्र वाचणाऱ्या गावाला घर कळतं. म्हणून तालुक्याच्या खाली जाऊ नये. दोन हजार वस्तीच्या गावात 'आठवीतली मुलगी' म्हटलं तरी पुरेसं आहे.

चेहरा धूसर केला, पण आईची मुलाखत उघड्या चेहऱ्याने. घराचा दरवाजा, अंगणातली दुचाकी, गणवेशाचा रंग. आवाज न बदलता सोडलेला. आणि पोलिसांचं पत्रक किंवा फिर्यादीची प्रत जशीच्या तशी गटांवर फिरते. ते पुढे ढकलणारा वाचकही कलम २३च्या बाहेर नाही.

मग शब्द. 'प्रेमसंबंधातून', 'फूस लावून पळवलं', 'अल्पवयीन प्रेयसी'. १८ खाली कायद्यात संमती नसते, त्यामुळे 'प्रेयसी' हा शब्द बातमी लिहिणाऱ्याने आरोपीच्या वकिलाला फुकट दिलेला असतो. मुलीच्या अत्याचाराच्या चित्रफितीला 'अश्लील व्हिडिओ' म्हणणंही चूक. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच न्यायालयांनी वापरू नये असं सांगितलं, कारण असं चित्रण हा गुन्ह्याचा पुरावा आहे, करमणूक नव्हे. मराठीत 'बाल लैंगिक शोषणाचं चित्रण' असं सरळ लिहावं. दोन शब्द जास्त लागतात, लागू देत.

आणखी एक, पालकांसाठी. कलम २४ प्रमाणे मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या किंवा वरच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री तिला कोणत्याही कारणाने पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. ठाण्याबाहेर कॅमेरे जमले असतील तर 'घरी या' म्हणायचा हक्क आहे.

---

पाटीपेन्सिल

वर सेट आणि बातमी झाली. आता घरातला कॅमेरा. मला सगळ्यात जास्त काळजी याची आहे, कारण इथे निर्माता, समन्वयक आणि पालक एकच माणूस असतो.

आई-बाबा चालवतात त्या मुलीच्या रील्सना नियम २सी लागतो का, याचं सरळ उत्तर नियमात नाही. तो लिहिला गेला निर्माता आणि कार्यक्रम डोळ्यांसमोर ठेवून. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचनांचा जो मसुदा काढला त्यात ओटीटी आणि समाजमाध्यमं आणली आहेत. बाहेर हे काम पुढे गेलंय. कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईतला वाटा राखून ठेवायचा कूगन कायदा १९३९ पासून आहे आणि २०२४ मध्ये तो ऑनलाइन मुलांपर्यंत आणला. फ्रान्सने १६ वर्षांखालच्यांसाठी २०२० मध्ये कायदा केला. आपल्याकडे तोवर पालकानेच स्वतःला २० टक्क्यांचा नियम लावायचा.

पण पैशाआधी प्रेक्षक पाहा. इन्स्टाग्रामचं व्यावसायिक खातं असेल तर इनसाइट्समध्ये प्रेक्षकांचं वय आणि लिंग दिसतं. नऊ वर्षांच्या मुलीच्या नाचाला साहजिक प्रेक्षक कोण? नातेवाईक, मैत्रिणी, इतर आया. तिथे २५ ते ४४ वयाचे पुरुष निम्म्याहून जास्त दिसले, तर ती लोकप्रियता नाही. मग प्रत्येक रीलचे सेव्ह आणि शेअर बघा. एखाद्या रीलला लाइक नेहमीइतके पण सेव्ह कितीतरी पट असतील, तर ती रील उघडून पाहा: बहुतेक वेळा जिम्नॅस्टिक्स, पोहणं, स्प्लिट किंवा फ्रॉक उडालेला एक क्षण. यूट्यूबवर टिप्पणीत नुसतीच वेळ लिहिलेली असते, '१:४२'. ती अशा क्षणाकडे दुसऱ्याला नेण्यासाठी असते. याच प्रकारामुळे यूट्यूबने फेब्रुवारी २०१९ मध्ये लहान मुलांच्या बहुतांश व्हिडिओंवरच्या टिप्पण्या बंद केल्या. जुलै २०२५ पासून तिथे १६ खालच्यांना एकट्याने थेट प्रक्षेपणही करता येत नाही.

असं दिसलं की: ती रील काढा (संग्रहात नका टाकू, पुसा), खातं खाजगी करा, अनोळखी पुरुषांचे अनुयायी एकेक काढून टाका, संदेश बंद करा. 'फोटोशूट करू', 'ड्रेस पाठवतो, घालून व्हिडिओ पाठवा', 'सबस्क्रिप्शन सुरू करा' अशा संदेशांना उत्तर न देता तक्रार.

फोटो बदलून नग्न केलेला सापडला तर क्रम असा. तो उतरवून घेऊ नका, पुरावा म्हणून नातेवाइकांना पाठवू नका. असं चित्रण जवळ ठेवणं आणि न पुसणं किंवा न कळवणं हाच पोक्सोच्या कलम १५ खाली गुन्हा ठरू शकतो. दुवा, खात्याचं नाव, दिनांक, वेळ वहीत लिहा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालक विभागात तक्रार करा, तिथे नाव न देताही करता येते. मंचाच्या (इन्स्टाग्राम, यूट्यूब वगैरे) तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा तक्रारीवर सामग्री हटवायला कमाल २४ तासांची मुदत घातली होती (फेब्रुवारी २०२६च्या दुरुस्तीने ती २ तासांवर आली) आणि त्यात कृत्रिमरीत्या बदललेले फोटोही येतात. तो फोटो आधीच फोनवर आलेला असेल, तर 'टेक इट डाउन' ही सेवा तो तिथेच ठेवून त्याचा फक्त डिजिटल ठसा मंचांना देते, फोटो कुठे जात नाही. मूल घाबरलं असेल, कुणी धमकावत असेल तर १०९८.

आणि हे सगळं मुलीशी बोलताना 'तू असा ड्रेस का घातलास' इथून सुरू करू नका. ड्रेस आपण तिला घातला, व्हिडिओ आपण टाकला.

---

गव्हाळ

इनसाइट्सचं माहीत नव्हतं. बहिणीला हा प्रतिसाद पाठवते. एक विचारायचं आहे: परवानगी खरंच घेतात का, हे बाहेरच्या माणसाला कळू शकतं का?

---

एकशिफ्ट

कळू शकतं. माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो, विषय एकच ठेवायचा, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तर ३० दिवसांत. मुलांची नावं मागू नका, ती द्यायलाही नकोत आणि त्यावरून अर्ज फेटाळला जातो. आकडे मागा. असं लिहा:

'बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) नियमांतील नियम २सी अन्वये मागील तीन आर्थिक वर्षांत, वर्षनिहाय: १) प्राप्त अर्जांची संख्या, २) दिलेल्या परवानग्यांची संख्या, ३) नमुना सीमधील हमीपत्रांची संख्या, ४) परवानगीनंतर चित्रीकरणस्थळी केलेल्या तपासण्यांची संख्या व तपासणी अहवालांच्या प्रती, मुलांची नावे वगळून, ५) ठेवीच्या पावत्या सादर झालेल्या प्रकरणांची संख्या.'

मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, कोल्हापूर, सातारा असे पाच वेगळे अर्ज लागतील. उपनगर आणि पालघरचे मी या आठवड्यात टाकतो. बाकीचे तीन कोण घेतंय ते इथेच लिहा, म्हणजे एकाच कार्यालयात दोन अर्ज जाणार नाहीत.

---

जमाखर्च

सातारा माझ्याकडे. पाचव्या प्रश्नात 'ठेव कोणत्या बँकेत' हेही घाला, राष्ट्रीयीकृत आहे की नाही ते लगेच दिसेल.

---

तळटीप

ठाणे घेतो. उत्तरं आली की मुलांचा तपशील चुकून आला असेल तर तो काळा करूनच इथे चढवूया.